हात न उचलता

अमळनेरच्या तहसिलीत चाळीस वर्षं
आप्पांनी मोडी वाचली.
खरेदीखतं, वाटण्या, विहिरीच्या पाळ्या.
आधी पानभर रेघा ओढलेल्या,
मग त्यांना अक्षरं लटकलेली,
चिंचेला वटवाघळं लटकतात तशी.

पौषात एका सकाळी
वर्तमानपत्र उलटंसुलटं करून म्हणाले,
"हाई कोनती भाषा शे?"
बोलणं शाबूत. हातपाय शाबूत.
मी चष्मा पुसून दिला. मग दुसरा चष्मा.
मग जळगाव.

डॉक्टरीणबाईंनी पत्ते मांडले. घर. बदक. दिवा.
आप्पा खजील, फळ्यापाशी उभ्या केलेल्या पोरासारखे.
म्हणाले, दिसतंय सगळं,
लागत नाही.

'दिवा'पाशी मीही थांबले, जन्मात पहिल्यांदा.
वेलांटी उभी द-च्या अलीकडे
आणि तोंडात येते पलीकडून.
म्हणजे इतकी वर्षं माझा डोळा
दर वेळी एक पाऊल मागे येत होता
आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

मोडीत वेलांटी एकच.
माझ्या वहीत गुरुजी लाल शाई सांडायचे, तेव्हा
आप्पा हसायचे,
"नदी ऱ्हस्व लिखी तं काय आटी जाई?"

घरी आल्यावर पेटीतला एक कागद
त्यांच्या मांडीवर ठेवला, उगाच.
डोळे खिडकीबाहेर. बोट मात्र
शाईवर उतरलं, चालायला लागलं,
वळणं घेत, न उचलता,
आणि बोटामागून आवाज:
पूर्वेस बोरी नदी,
पश्चिमेस सुपडू तेल्याचा घाणा,
उत्तरेस गाडरस्ता, दक्षिणेस…
चतुःसीमा पुरी झाली तेव्हा
चहावर साय धरली होती.

मग वर्तमानपत्रावरही फिरवून पाहिलं बोट.
तिथे अक्षरागणिक उचलावं लागतं.
उचललं की तुटतं.

आता बावन्नाव्या वर्षी मी मोडी गिरवते.
चिठ्ठ्या लिहिते: गोळी घेतली का.
ते नखाने वाचतात,
उत्तर देत नाहीत, माझा 'ळ' सुधारतात.

काल दारावर एक चिठ्ठी त्यांनीच डकवली
आणि झोपून गेले.
दूधवाला दिगंबर कॅन टेकवून बराच वेळ उभा.
"ताई, हाई काय लिखेल शे?"
मी बोट टेकवलं रेघेच्या सुरुवातीला.
दूध. इथवर ठीक.
पुढच्या वळणावर नको आहे की दोन लिटर,
बोटाला काही कळेना,
आणि ऊन चढत होतं कॅनवर.