पानाच्या तळाशी

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आहे:
‘वापरा, बदला, वाटा. धंद्यासाठी नको.
ह. बा. बिरनाळे, निवृत्त शिक्षक, जत.’
झेरॉक्स काढताना खिंवसरांचा पोऱ्या
नेमकी तीच ओळ कापतो.
काच लहान पडते, म्हणतो.
तीन वर्षं मीही म्हटलं, पडत असेल.

जनता वसाहतीत, कॅनॉलच्या अंगाला
पत्र्याची खोली, बावीस मुलं,
महिना दोनशे रुपये.
अपूर्णांक शिकवते, बिरनाळे सरांचे.
त्यात केक नाही, पिझ्झा नाही,
पाण्याचा टँकर आहे.
सात हंडे, चार घरं, सारखे वाटा.
आमची मुलं हे गणित चुकत नाहीत,
भांडतात फक्त, की सारखे वाटतं कोण?

एका रात्री दोनशेचेच भाग पाडत बसले.
खोलीभाडं ऐंशी. लाइट बिल पंचवीस.
झेरॉक्स चाळीस. खडू, डस्टर, पेन्सिली पंधरा.
उरले चाळीस.
एक पंचमांश.
बावीस पोरांचे मिळून आठशे ऐंशी,
म्हणजे माझा बसपास आणि बीपीच्या गोळ्या.
याला काय म्हणायचं, सर?
मजुरी,
की धंदा?

टिळक रोडच्या क्लासला हा प्रश्न पडलेला नाही.
त्यांच्या पुस्तकात टँकर तोच, हंडे तेवढेच,
जत गेलंय आणि एक सोनेरी गरुड आलाय.
स्पायरल बाइंडिंग, चार हजार.
त्यांच्याशेजारी उभी राहिले की मी बरी दिसते.
पण अंश लहान असला
म्हणून अपूर्णांक शून्य होत नाही,
हे फळ्यावर मीच लिहिते दर जूनमध्ये.

पत्र टाकलं. अठरा दिवसांनी कार्ड आलं,
अक्षर फळ्यावरचं, ओळ न सोडणारं:
‘बाई, खोलीचे घ्या. वेळेचे घ्या.
शिकवणाऱ्यानं उपाशी राहावं असं मी कुठं लिहिलंय?
पानाचे मात्र घेऊ नका.
फी न देणाऱ्यालाही पान मिळालं पाहिजे.
आणि ओळ कापू नका.
ता. क. पान सव्वीस, उत्तर सव्वा छापलंय.
पावणेदोन करावं. चूक माझी.’

मुलांनी ते केव्हाच करून टाकलं होतं.
टिळक रोडला अजून सव्वाच आहे.

आता फीमधून चाळीस कमी केलेत,
झेरॉक्स माझ्या गोळ्यांतून जाते.
दाराबाहेर खिळा, खिळ्याला सुतळी,
सुतळीत पानं. न्या कुणीही.
खिंवसरांच्या पोऱ्याला म्हटलं, पान तिरकं ठेव,
पण ओळ येऊ दे.

पहिले दोन दिवस एक शेळी तेवढी आली.
तिसऱ्या दिवशी ओवेस,
दोन महिन्यांची फी थकली म्हणून
दिवाळीपासून न आलेला.
पान ओढलं, पळाला.
संध्याकाळी परत. सोडवून.
उंबऱ्याच्या बाहेरूनच:
‘मॅडम, तपासता?’

पान फुकट होतं.
तपासणं फीमध्ये येतं.
आत बावीस जण मान वर करून बघत होते
मी काय करते ते,
त्यातले वीस जण फी भरलेले.
मी लाल पेन शोधलं,
एक पाय आत, एक बाहेर,
दाराच्या फळीवर पान टेकवून वाचलं.
दहापैकी आठ.
शेरा लिहायला जागा नव्हती,
तळाशी सरांची ओळ होती.
तिच्या वर, दाटीवाटीनं,
बरोबरची खूण केली.