एकास चोवीस

उद्यमबागेत तीस वर्षं मी पॅटर्न केले,
सागवानाचे, फाउंड्रीसाठी.
बीड थंड होताना आकसतं,
म्हणून आमची पट्टीच मुळात खोटी :
तिच्यावरचा एक मीटर म्हणजे
एक मीटर आणि वर दहा मिलिमीटर.
त्या खोट्या पट्टीनं
पंपांची किती पोटं मी बरोबर मोजली.

रिटायर झालो, खरी पट्टी विकत आणली
आणि दिसेल त्याला चोवीसनं भागत सुटलो.
दाराची कडी. पायरी. शेजारचा कुत्रा.

पहिली गाडी अडिवेप्पाची करायची, हे ठरलेलंच.
अँबॅसिडर, पांढरी, के ए बावीस,
बेळगाव-पणजी, चोर्ल्यावरून, रोज.
लांबी एकशेऐंशी मिलिमीटर, रुंदी एकोणसत्तर.
टायरला ओ-रिंगा दिल्या हायड्रॉलिकवाल्या मष्णूनं,
पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं,
"खेळालाय काय ओ काका, ह्या वयात?"
हेडलाइटला टिकल्या, शहापुरातल्या साडीच्या दुकानात
संध्याकाळी झाडूत येतात त्या.
काचा टूथब्रशच्या वेष्टनाच्या,
घरातले चार ब्रश त्यापायी वेळेआधीच बदलले.
नंबर प्लेट काढली तीन केसांच्या ब्रशनं,
श्वास धरून, दोन आकड्यांच्या मधे सोडून.

टप बसवला त्या रात्री
फेविक्विकची वाफ आत कोंडली.
सकाळी पुढची काच आतून दुधाळ.
आता बोट जात नाही, कापूस जात नाही,
उघडावी तर सगळीच मोडेल.

तशीच नेली. कुंद्याच्या रिकाम्या खोक्यात
कापूस घालून, मांडीवर, बैलहोंगलच्या बसमधे.
कंडक्टर म्हणाला, एक तुकडा तरी द्या की.

अडिवेप्पाचे दोन्ही डोळे साखरेनं नेलेले.
लेकाच्या ओसरीवर बसून त्यानं गाडी हातात घेतली.
बोनेटवरून अंगठा फिरवला, मडगार्डावरून,
मागच्या डाव्या दाराशी थांबला.
पुन्हा फिरवला.
"इदु नन्न गाडी अल्ल."
माझ्याशी जन्मभर मराठी बोललेला माणूस.
ही माझी गाडी नव्हे.
मग मला वाईट वाटू नये म्हणून मराठीत :
"पोचा कुठं गेलाय रे?"

कणकुंबीच्या पुढं, पहाटे, धुक्यात
गव्यानं ढुशी दिली होती.
आत गोव्याला निघालेले चार पाहुणे,
चौघांचे चार देव एकदम बोलावलेले.
गवा बाजूला झाला, गाडी पणजीला पोचली.
गॅरेजवाला म्हणाला, ठोकून देतो, कळणारसुद्धा नाही.
अडिवेप्पानं ठोकू दिलं नाही.
का, ते मी कधी विचारलं नाही,
आणि गाडी करताना मला तो आठवलाही नाही.
नवी कोरी करून बसलो होतो,
अशी ती त्याच्याकडंसुद्धा कधी नव्हती.

पोचा भाकरीएवढा.
भागिले चोवीस : एक हरभरा.

मष्णूकडून आठ मिलिमीटरची बेरिंगची गोळी आणली.
मेणबत्तीवर तापवली, चिमट्यात धरली.
रद्दी प्लॅस्टिकवर अकरा वेळा चुकलं :
भोक पडलं, फोड आला, एकदा नुसताच चट्टा.
गव्याला हे एका दमात जमलं होतं.
बाराव्यांदा गाडीचं दार.
प्लॅस्टिक थोडं कुरकुरलं आणि आत गेलं.

दुसऱ्या खेपेला कंडक्टर तोच. खोकंही तेच.
अडिवेप्पानं बाकी काही चाचपलंच नाही,
सरळ डाव्या दाराशी गेला.
करंगळीचं टोक पोच्यात बसलं
आणि बराच वेळ तिथंच राहिलं.
आतून सून चहा घेऊन आली, ठेवून गेली.

मग त्यानं विचारलं,
रोज निघायच्या आधी क्लीनरला विचारायचा तसं,
"पुढची काच पुसलीस न्हवं?"

"पुसली की," मी म्हणालो.