पोचपावती

एकतीस वर्षं मी कर्कॉडीत टपाल वाटलं.
सोपवर्क लेनमधलं सतरा-ब चं दार मला पाठ आहे:
हिरव्या रंगाचे पोपडे, पत्रं टाकायची फट इतकी घट्ट
की हिवाळ्यात बोटांची सालं निघायची.
आत जिना, जिन्याखाली चाक नसलेली सायकल,
वर एक खोली.
खोलीत, माझ्या माहितीप्रमाणे, कोणी नाही.

निवृत्तीच्या सुमाराला तिथली पत्रं वाढली.
निकोसियाहून, रीगाहून,
कुठल्या कुठल्या बेटांवरून.
उघडलं कोणी नसेल, पण परतही काही आलं नाही.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं.
पाय स्टुलावर, भाचीचा जुना लॅपटॉप मांडीवर,
सहज म्हणून कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत
मी तो पत्ता टाकला.

चारशे बारा.
त्या सायकलीशेजारी चारशे बारा कंपन्या!
एकीची जहाजं, एकीचं निकेल,
एकीच्या नावावर तर केळीच्या बागा.

फुकट आहे सगळं. कुलूप नाही, पासवर्ड नाही.
कळसा काखेतच होता,
फक्त गावाला वळसा घालायचे
कुणाकुणाला पैसे मिळत होते.

एका पत्त्यावर अनेकांनी असणं हा गुन्हा नव्हे.
हे मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय.
लिहायला लावलं ग्रंथालयातल्या एल्स्पेथने:
"नाव सापडलं म्हणजे चोर सापडला असं नाही, इशबेल."
म्हणून मी कुणाला काही म्हणत नाही.
मी नुसतं टपाल लावते. हे ह्या खणात, ते त्या खणात.

एक संचालक जन्मला दोन हजार चौदा साली.
सही करताना वय वर्षं तीन.
असेल टंकलेखनाची चूक.
मी चुकांचाही एक खण केला.

आणि त्याच खणात पाणी मुरत होतं.
आमच्या गावाच्या नावात एक 'ल' आहे, मुका.
आम्ही तो उच्चारत नाही,
पण लिहायचा राहिला असं होत नाही,
पहिलीतल्या पोराचंसुद्धा.
त्रेसष्ट कंपन्यांच्या कागदांवर तो 'ल' नाही.
कुणीतरी हे नाव फक्त कानांनी ऐकलंय,
फोनवर, दूर, उन्हात बसून.
तोच 'ल' मग माल्टाच्या बोटींच्या यादीत नव्हता,
आणि एडिनबरातल्या सव्वीस खोल्यांच्या घराच्या
जमीन-नोंदीत नव्हता.
त्या रात्री चहा तीनदा गार झाला.

त्रेसष्टांपैकी एकोणीस ठिकाणी सही: रॉडरिक मुट्री.

रॉडी.
मासळीची गाडी चालवायचा.
प्यायला लागला की दारोदार शिट्टी वाजवत फिरायचा.
वीस-वीस पौंडांना कुठेतरी सह्या केल्यात
असं एकदा बोलला होता, मी हसले होते.
त्याच्या दफनाला आम्ही सात जण होतो.
तारीख स्थानिक पेपरात आहे, कोणीही पाहावी.
त्यानंतर चार वर्षांनी रॉडीने
थॉर्नबीम होल्डिंग्जचा ताळेबंद मंजूर केलाय.

सगळं कळवलं, पानांचे क्रमांक घालून.
उत्तर आलं: आपला अर्ज योग्य विभागाकडे पाठवला आहे.
विभाग कुठला ते लिहिलं नव्हतं.
पत्ता अपुरा असला की आम्ही पत्र परत करायचो.

मग मला जे येतं ते मी केलं.
पाकीट घेतलं. आत कोरा कागद.
वर लिहिलं: श्री. रॉडरिक मुट्री, सतरा-ब.
सही घेऊनच द्यायचं, असा जादा शिक्का,
त्याचे पैसे मोजले.

नवा पोरगा आहे आता त्या फेरीवर, कॅलम.
तो म्हणाला, एक माणूस होता दारात, चांगला कोट,
पेन स्वतःचं.

पावती माझ्यासमोर आहे.
रॉडीची सही, वळणदार,
रॉडीला कधीच जमली नसती अशी.
खाली तारीख. तारखेखाली गावाचं नाव.

मी चष्मा पुसला
आणि अक्षरं मोजायला घेतली.