रुपयामागे नऊ पैसे

फोंड्याच्या वरच्या बाजारात
कवळेकराच्या छापखान्यासमोर माझा गाडा.
तेवीस वर्षं.
रोहिदासने कोर्टात लिहून दिलं, देणं फेडवत नाही,
तेव्हा घेणेकऱ्यांच्या यादीत अठरावी मी:
कुशावती गावडे, चहा व पातळभाजी,
रुपये अठरा हजार चारशे साठ.
त्याच्याच हातचं अक्षर. सुवाच्य.
एक शून्यही लपवलं नव्हतं.

रिसीव्हर नेमलेले आदवोगाद मिनेझिस
कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद ठेवून बसलेले.
म्हणाले, बाय, पुरावा?
मी वही पुढे केली,
तेलाने पानं एकमेकांना धरून राहिलेली.

मग त्यांनी मला रांग समजावली.
ऑफसेट मशीन बँकेकडे गहाण,
म्हणजे ते रांगेत नाहीच, ते गेलं.
अर्धं घर प्रेमलताचं, लग्न नोंदलं त्या दिवसापासूनचं;
पोर्तुगीज गेले, हा कायदा राहिला.
(यावरच सहा तारखा पडल्या:
कर्ज संसारासाठी काढलं, की एकट्याच्या हौसेसाठी?
प्रेमलता म्हणाली, हौस असती तर मला दिसली असती.)
स्वयंपाकाची भांडी, नेसूचे कपडे, हाताची हत्यारं
कुणी उचलायची नाहीत.
उरलं ते लिलावात. त्यातून आधी
नोटिशीचा, लिलावाचा, खुद्द मिनेझिसांचा खर्च.
मग सरकार.
सरकारच्या जोडीला कामगारांचा पगार, पण वीस रुपयांपर्यंत.
वीस? म्हटलं मी.
कायदा एकोणीसशे वीसचा आहे, ते म्हणाले,
तेव्हा वीस रुपये म्हणजे वीस रुपये होते.
बायंडर लाडू नाईक बाहेर बाकावर बसून होता,
सात महिन्यांचा पगार राहिलेला.
त्याला ते आत बोलावून सांगितलं.
तो बरं म्हणाला.

आणि शेवटी आम्ही सगळे एका तागडीत,
ज्याचं जेवढं, त्या मानाने.

वही चाळता चाळता मिनेझिस थांबले.
हे ‘बँक दोन’ काय?
म्हटलं, बँकेचा वसुलीवाला. दर मंगळवारी, चारला.
रोहिदास खिडकीतून दोन बोटं दाखवायचा.
‘पणजी तीन’?
पणजीचा कागदवाला, त्याचा मुलगा, आणि ड्रायव्हर.
‘टॅक्स दोन, भजी एक प्लेट’?
ते तुम्हीच समजा.
एका रात्री घरी बसून मी बेरीज मारली होती:
सात हजारांवर चहा त्यांनीच प्यालेला,
पैसे मागायला येऊन.
मग ते माझ्यापुढे कसे, आदवोगाद?

ते हसले नाहीत.
चष्मा पुसला. म्हणाले,
कायदा चहा कुणी मागवला ते बघतो, बाय,
कुणी प्याला ते नाही.

नऊ पैसे पडले रुपयामागे.
एक हजार सहाशे एकसष्ट, चाळीस पैसे.
ते चाळीस पैसेसुद्धा अक्षरात लिहिलेले.

रोहिदासकडे खिळ्यांचा एक खण राहिला, हत्यार म्हणून.
ओसरीवर बसून नावाची कार्डं जुळवतो म्हणे, उलटी अक्षरं,
गिऱ्हाईक आलं तर.
माझा गाडा आला की रस्ता ओलांडतो,
पलीकडे सावली नाही तरी.
राग आहे. नाही कशाला म्हणू.
पण मंगळवारी चार वाजले
की दोन कप माझ्या हातून आपोआप विसळले जातात.

चेक वटवायला गेले तर तीच बँक.
काचेमागे तोच.
गाडा पाठीशी नसला की माणसाला ओळखत नाहीत.
सही इथे, म्हणाला, वर न बघता.

साखर अर्धी.
आलं जास्त.
कप काठोकाठ, नाहीतर परत पाठवायचा.