तपकिरी मोजताना

एप्रिलमध्ये सोलापुरात मेणसुद्धा ऐकत नाही.
दुपारी दोनला लाईट गेली की
ब्लॉक बर्फाच्या ट्रेमध्ये पालथे घालायचे
आणि थांबायचं.
पात्याखालून निघणारी पट्टी चार मायक्रॉनची,
श्वास लागला तरी सुरकुतते.
ओठ मिटून मी ती कोमट पाण्यावर सोडते,
ओला पापड उचलावा तशी काचेवर घेते.

तिच्यात कुणाचा तरी गाल असतो.

शाळेच्या पुस्तकात त्याला 'ऊती' म्हटलं होतं.
ऊत म्हणजे विणलेलं, कुल्लोळी बाई म्हणाल्या,
आणि मागाच्या खडखडाटातून उठून आलेला
अर्धा वर्ग हसला.

काचेवर नाव नसतं, नंबर असतो. एकशे बारा.
नाव मला माहीत असायला नको.
पण विडी घरकुलात नळ्या गोळा करायला
बर्फाचा डबा घेऊन मीच गेले होते,
आणि पायरीवर, मांडीवर सूप,
बोटं न थांबवता नरसम्मा बिंगी म्हणाली होती,
"थुंकी बगून काय कळलालंय गं तुला?
आमच्या थुंकीत तंबाखूच की."
मग नळीत थुंकली, पदरानं तोंड पुसलं
आणि सुटलेला आकडा परत धरला,
सहाशे एक्केचाळीस.

काय कळतं, नरसम्मा, ते आम्हालाही अर्धंच.
गाठ बोटाला लागायच्या आधी
पेशी काहीतरी पुटपुटते,
एखादं प्रथिन, वाजवीपेक्षा जास्त.
आम्ही त्याला खूण म्हणतो.
खूण म्हणजे घर नव्हे,
गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी दाखवलेलं बोट.

आता मी मोजते,
शंभर केंद्रकांत तपकिरी किती.
तपकिरी म्हणजे दोन व्हायला निघालेली.
भिजवलेल्या पानाचा रंग,
आईच्या नखांत बसलेला, कधी न निघालेला.
मोजायला मला कॉलेजनं शिकवलं नाही.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
आणि तपासणारा मूठभर छाट काढून फेकायचा
तेव्हा ओठ न हलवता
आई पुन्हा पहिल्यापासून.

एकशे बाराच्या दोन काचा आहेत.
एक, कापून काढलेल्या गाठीची.
दुसरी आठ आठवड्यांनंतरची,
रेशमाच्या जाळीवर तिच्याच पेशी पेरून
जिथे गालाला ठिगळ लावलं, तिथल्या कडेची.
पहिलीत त्रेसष्ट.
दुसरीत अठ्ठावन्न.
परत मोजले. साठ.

म्हणजे भरून येणं आणि पसरत जाणं
एकाच रंगाचं?

रात्री नान्नाला सांगितलं.
एकतीस वर्षं अक्कलकोट रोडवर जॉबर,
एक कान मागाला देऊन आलेला.
आमटीत भाकरीचा तुकडा बुडवून ठेवत म्हणाला,
"माग चालतंय याचं काय कौतुक?
वीज दिली की कुठलाबी चालतंय.
धागा तुटला की पिन पडली पायजे
अन् माग थांबला पायजे.
पिन अडकलेला माग बगितलाय मी.
रातभर धडधडतंय,
सकाळी बगावं तर ढीग हाय, चादर नाय."
भाकरी मऊ झाली होती. त्यानं ती खाल्ली.

सकाळी आकडा सोडून नुसतं बघितलं.
दुसऱ्या काचेत तपकिरी सगळ्या तळाच्या ओळीत,
पहिल्या पाळीच्या बायकांसारख्या दाटीनं,
आणि वर, थरामागून थर,
चपटत गेलेल्या, काम संपवून निजलेल्या.
पहिल्या काचेत कुठंही.
खाली, वर, जिथं कुणाचंच काम नाही तिथंही.

शेऱ्यात मी 'पिन पडते' असं लिहिलं नाही.
'तपकिरी केंद्रके तळाच्या थरापुरती' असं लिहिलं.
डॉक्टर मडूर म्हणाले, अजून एकोणचाळीस रुग्ण हवेत,
एका गालावरून काही बोलू नये.
बरोबर आहे.

गुरुवारी नरसम्मा आली.
तोंड उघडून दाखवलं, दोन बोटं मावली,
मागच्या महिन्यात एक.
"शेंगाचटणी?" तिनं विचारलं.
इतक्यात नाही, म्हटलं.
"वास तर घेऊ की नको?"

लाईट गेली.
मी ब्लॉक बर्फात पालथा घातला.
एकशे तेरा.