गाठ

पिल्लं विकायला काढली की आधी मी माणूस बघते.
मांजर नंतर दाखवते.

मागच्या आठवड्यात बोडोहून एक जोडपं आलं.
बाईनं विचारलं, करड्या सोफ्यावर कुठला रंग खुलेल?
मी कॉफी दिली, परतीच्या फेरीबोटीची वेळ सांगितली.
त्याआधी एकजण म्हणाला, जंगलातली जात ना ही,
बाहेर सोडलं की आपलं आपण बघेल?
त्याला कॉफीसुद्धा नाही.

लोक आयाळ बघतात, झुपकेदार शेपूट बघतात
आणि म्हणतात, केवढं काम असेल!
वरच्या केसांचं काही नसतं हो.
ते तेलकट, त्यांच्यावरून बर्फ निथळून जातो.
काम असतं ते आतल्या लोकरीत,
काखेत, मांडीच्या मागे, कानाच्या पाळीखाली,
जिथं डोळा पोचत नाही आणि बोट कंटाळतं.
तिथं गाठ बसते, गुपचूप,
आणि मग पावलागणिक कातडी ओढत राहते.
मांजर सांगत नाही.
एक दिवस फक्त
कपाटावर उडी मारायचं सोडून देतं.

आयलर्ट आला फेब्रुवारीत, दुपारी तीनच्या अंधारात.
एकाहत्तर वर्षांचा, हयात जाळी दुरुस्त करण्यात गेलेली,
बोटं दोरासारखीच पिळलेली,
डाव्या अंगठ्याला नख नाही.
तिन्ही पिल्लं त्याच्या बुटाच्या नाड्यांवर तुटून पडली.
तो हसला. पण बघत होता चुलीजवळच्या बाकाकडे,
जिथं डिसा बसली होती, त्यांची आई,
सात किलो, सहा वर्षं,
बाळंतपणं संपलेली, स्वभाव आंबट.

"हिच्या डाव्या काखेत गाठ आहे."

मला राग आला. तीस वर्षं मी हेच करते.
डिसाला उचलून पालथं केलं.
होती. वाटाण्याएवढी.

मी कात्री शोधायला लागले,
त्यानं मागितलं बटाट्याचं पीठ.
चिमूटभर चोळलं. मग एका हातानं केसांचं मूळ धरलं
आणि दुसऱ्यानं टोकाकडून, एकेक तंतू,
जसं कोणी झोपलेल्या मुलाच्या मुठीतून काही काढून घेतं.
"ओढ माझ्या बोटांना बसली पाहिजे," म्हणाला, "तिला नाही."
डिसा, जी पशुवैद्याला दोनदा चावलीय,
जांभई देत होती.

तरी मी माझे प्रश्न विचारलेच.
गॅलरीला जाळी आहे?
"घरात जाळीशिवाय दुसरं आहे काय."
हृदयाची तपासणी दरवर्षी कराल?
"माझी, की तिची?"
मग त्यानं विचारलं, ही जात जगते किती?
मी म्हटलं, चौदा. नशीब असलं तर पंधरा.
त्यानं बोटांवर हिशेब मांडला, मोठ्यानं, लाज न बाळगता.
"पिल्लू नेलं तर मी शहाऐंशीचा.
हिला नेलं तर ऐंशीचा. हे जमेल कदाचित."
आणि नाहीच जमलं तर?
त्यानं खिशातून घडीचा कागद काढला.
शेजारची मुलगी, सिन्नेव्हे, वय बारा,
तिची सही, तिच्या आईची सही,
आणि खाली पेन्सिलीनं, मुलीच्याच अक्षरात:
*मला विंचरता येतं. आयलर्टनं शिकवलं, माझ्याच वेणीवर.*

डिसा विकायची नव्हती.
ती माझ्या म्हातारपणासाठी ठेवली होती.
हे मी त्याला सांगितलं नाही.
रुंद दातांची स्टीलची फणी दिली, पसरट पाण्याचं भांडं दिलं,
सांगितलं, वसंतात रोज विंचरा, हिवाळ्यात आठवड्यातून एकदा,
आणि ती रागावली तर ऐका, ती खरी असते.
पैसे निम्मेच घेतले. उरलेले का सोडले,
ते अजून मला नीट कळलेलं नाही.

मे महिन्यात पाकीट आलं.
आत मुठीएवढी लोकर, राखाडी, हलकी,
पत्र नाही.
मी खिडकीपाशी बसून ती
बोटांनी चाचपली, उलटी, सुलटी, पुन्हा उलटी.

कुठंच अडकलं नाही बोट.