बिलातली एक ओळ

अंबडला गाळा मिळाला, वीस बाय तीस.
वर पत्रा, खाली कोबा, आधीच्या भाडेकरूचा
ऑइलचा डाग, जो सोड्यानेही गेला नाही.
लेथ अजून सिन्नरहून निघायचा होता
आणि दौलतराव गांगुर्डे भिंतीला हात लावून उभे,
डॉक्टर पोट तपासतात तसे.

मी म्हटलं, वायर भिंतीतूनच घ्या, दिसायला बरं.
ते म्हणाले, घरात फ्रिज वीस वर्षं एका जागी उभा राहतो, ताई.
मशीन नाही राहत.
आणि गाळा कोणाचा?
भिंतीत गाडलेलं सगळं मालकाचं होतं.

मग पट्टी मारा, प्लास्टिकची. स्वस्तात होईल.
त्यांनी पिशवीतून पट्टीचा तुकडा काढला,
अंगठ्याने दाबला. कट्.
म्हणाले, हिच्यावर ग्राइंडरची ठिणगी पडली की
आणि वाक्य तिथेच ठेवून
चहाला गेले.

रात्री हिशेब मांडला जुन्या तपासणी-अहवालाच्या पाठीवर.
एकोणीस वर्षं सातपूरला मी दुसऱ्यांचे जॉब मोजले,
दोन मायक्रॉनसाठी नाही म्हटलं,
माणसं तोंडावर ताई म्हणायची, मागे काय ते मला ठाऊक.
आता आकडे माझे होते
आणि प्रत्येक आकड्याला हो म्हणावंसं वाटत होतं.

सकाळी असं ठरलं:
वरच्या दिव्यांना पीव्हीसी, पण सॅडल दर दोन फुटांवर,
नाहीतर मे महिन्यात पत्रा तापतो आणि पाइप झोळीसारखा लोंबतो.
भिंतीवरून जीआय, कारण शेजारी पोह्यांचं गोडाऊन
आणि गोडाऊन तिथे उंदीर.
लेथपर्यंत कोब्याखालून आर्मर्ड केबल, ग्लँड दोन्हीकडे आवळून,
शेवटचा हातभर मात्र लवचीक नळीतून,
लेथ थरथरतो, त्याच्याशी ताठ राहून चालत नाही.
बोर्डात वायर खालून शिरेल. वरून नाही.
कूलंटचा थेंब वायरीचं बोट धरून आत येतो.

रविवार कारंज्यावर दुकानदार म्हणाला,
ॲल्युमिनिअम न्या, निम्म्यात पडेल.
दौलतराव हसले. तांबटांच्या गावात?
त्याने मुकाट चार एमएमचं तांब्याचं बंडल काढलं.

दोन दिवस आम्ही तारा ओढल्या.
या टोकाला मी, त्या टोकाला हेल्पर सोमा,
मध्ये तीन बेंड आणि मूठभर शंखजिरं.
ओढा. थांबा. ओढा म्हटलं ना.
पाइपात वायर ठासायची नाही, निम्म्याहून जास्त जागा मोकळी,
हे दौलतराव तीनदा म्हणाले,
तिसऱ्यांदा स्वतःशीच.
त्यांच्या डाव्या तर्जनीला नख नाही.
मी विचारलं नाही.

मागच्या अंगणात खड्डा: कोळसा, मीठ, मीठ, कोळसा,
वरून सोमाने बादलीभर पाणी घातलं,
रोपाला घालावं तसं जपून.

मग बिल.
सगळं बरोबर, एक ओळ सोडून:
रिकामा पाइप, तीन नग, ओढतारेसकट, ७८०.
मी ती ओळ खोडली. हे काय?
पुढच्या मशीनसाठी.
कुठल्या?
ते मला काय माहीत, म्हणाले. मशीन तुमचं.

बुधवारी लेथ आला. जोडला. बटण दाबलं.
चक उलटा फिरला.
माझ्या पोटात गोळा, सोमा खो-खो हसतोय,
दौलतरावांनी मेन पाडला, टेस्टर लावून पाहिलं,
पिवळी आणि निळी अदलून टाकली
आणि चक सुलट फिरू लागला,
जणू मधे काही घडलंच नव्हतं.

तेव्हा कोपऱ्यातून बारीक किणकिण आली.
सोमाने पाइपाला कान लावला.
आत काहीतरी आहे, म्हणाला.
अजून नाही, दौलतराव म्हणाले.

मी खोडलेली ओळ पुन्हा लिहिली.
आठशे दिले.
त्यांनी वीस परत केले, मी घेतले.